झाकली मूठ २३ हजार कोटींची: महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
लोकसभेतले महाराष्ट्राचे ४८ खासदार आणि राज्यसभेतले १९, पक्ष कुठलाही असो

सा. न. वि. वि.

पत्र लांबलंय, आधीच सांगतो. पण तुमची भाषणं आम्ही पूर्ण ऐकतो, तेव्हा तुम्हीही एवढं वाचाल असं धरून चालतो. विषय असा आहे की आपला देश आता दुसऱ्या देशांना शस्त्रं विकतो, काहींना उधारीवर देतो, काहींना चक्क भेट देतो, आणि यातलं काय कुणाला दिलं, कुठल्या अटीवर दिलं, पुढे ते कुणावर चाललं, हे तुम्हाला माहीत नाही. मला माहीत नाही हे एकवेळ ठीक, मी साधा माणूस. पण तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही नेटाने विचारतही नाही, हे आता सहन होत नाहीये म्हणून जाहीर लिहितोय.

मी खडकीचा. आमच्याकडे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. वडील ऑर्डनन्समधून रिटायर झाले, मामा देहूरोडला होते, माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच पगारातून भरली गेली. त्यामुळे हत्यारं बनवणं म्हणजे पाप, सगळं बंद करा, असं म्हणणारा मी नाही, हे पहिल्यांदाच क्लिअर केलेलं बरं, नाहीतर लगेच कुणीतरी मला देशद्रोही ठरवून मोकळा होईल. उलट हा विषय महाराष्ट्राचाच जास्त आहे असं माझं म्हणणं आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे आणि यंत्र इंडिया नागपुरात. खडकी, देहूरोड, भंडारा, भद्रावती, वरणगाव, अंबाझरी, सगळीकडे कारखाने आहेत, शिवाय पुण्यात नागपुरात प्रायव्हेटवाले तोफा आणि स्फोटकं बनवतातच. परदेशी ऑर्डर आली की ती आपल्याच कुणाच्या तरी शिफ्टमध्ये भरली जाते.

एप्रिल उजाडला की संरक्षण मंत्रालयाची प्रेस नोट येते, विक्रमी निर्यात म्हणून. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होती, २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटी झाली, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी, आणि २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचं टार्गेट आहे. आकडे चांगले आहेत, मलाही वाचून बरं वाटतं. २०२४-२५ मध्ये निर्यातीचे १,७६२ परवाने दिले गेले, म्हणजे सुट्ट्या धरल्या तरी रोजचे जवळजवळ पाच. माल गेला साधारण ८० देशांत. आता पुढचा प्रश्न कुणीही शाळकरी पोरगं विचारेल, की कुठले ८० देश आणि काय काय? तर तुमच्यापैकीच कुणी सभागृहात हे विचारलं की छापील उत्तर येतं: स्ट्रॅटेजिक कारणांमुळे देशांची नावं सांगता येणार नाहीत. संपलं. पुढे उपप्रश्न नाही, आरडाओरडा नाही, दुसऱ्या दिवशी कांद्यावर गोंधळ (तो व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही).

आणि गंमत अशी की हे स्ट्रॅटेजिक कारण सोयीनुसार चालू-बंद होतं. फिलिपिन्सला ब्रह्मोस दिलं, जानेवारी २०२२ मध्ये करार झाला, जवळजवळ ३७.५ कोटी डॉलर्सचा, एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली, तेव्हा फोटो काय, पेपरभर बातम्या काय, अभिमान काय, आणि तो रास्तच होता, चीन त्यांच्या समुद्रात काय करतोय हे सगळ्यांना दिसतंय. जिथे मिरवायचंय तिथे रकमेसकट सगळं उघड आणि जिथे अवघड जाईल तिथे ताकाला तूर लागू द्यायची नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्याच एका मोठ्या कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की आम्हाला १५५ मिमी तोफांची १५.५५ कोटी डॉलर्सची परदेशी ऑर्डर मिळाली आहे, देशाचं नाव नाही, फक्त एवढंच की तो संघर्षग्रस्त भाग नाही. म्हणजे शेअर घेणाऱ्याला किती तोफांचा धंदा आला हे समजतं, कारण सेबीचा नियम आहे. मत देणाऱ्याला तेवढंही समजत नाही, कारण त्याच्यासाठी नियमच नाही. इथेच माझं खरं दुखणं आहे.

कायदा नाही असं नाही, तसं कुणी म्हणायला नको. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, १९९२ चा परकीय व्यापार कायदा आहे, २०१० मध्ये त्यात सुधारणा करून संवेदनशील मालाचं वेगळं प्रकरण घातलं, २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांबद्दलचा कायदा आहे. परवान्याशिवाय निर्यात करता येत नाही अशा मालाची स्कोमेट नावाची यादी आहे, तिच्यातला सहावा गट म्हणजे सगळा लष्करी माल. पण हे सगळे कायदे वाचले तर समजतं की ते व्यापाऱ्याला आवरण्यासाठी आहेत, सरकारला नाही. सरकारने कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, कधी थांबावं, कुणाला विचारावं, यावर त्यात जवळजवळ काही नाही. 'हे हत्यार घेणारा ते स्वतःच्याच नागरिकांवर चालवण्याचा धोका असेल तर परवाना द्यायचा नाही', असं एक साधं वाक्य मूळ कायद्यात नाही. बाकीचं सगळं मंत्रालयाच्या कार्यपद्धतीत, म्हणजे जी मंत्रालयाने लिहायची, मंत्रालयाने बदलायची.

त्यातही लष्करी मालाचा परवाना देणारं खातं कुठलं, तर संरक्षण उत्पादन विभाग. ५०,००० कोटींचं टार्गेट कुणाच्या डोक्यावर, तर त्याच विभागाच्या. जो सेल्समन तोच वॉचमन. तिथले अधिकारी वाईट आहेत असं मी म्हणत नाही, परराष्ट्र खात्याला वगैरे विचारतातही, पण अशी रचना तुम्ही तुमच्या गावच्या सोसायटीत तरी चालू द्याल का?

आता प्रत्यक्षात काय झालंय ते बघू, कारण नुसतं तत्त्व सांगितलं की लोक म्हणतात पुस्तकी बोलतोय.

म्यानमार. आपला शेजारी, हद्दीला हद्द. ऑक्टोबर २०२० मध्ये आपण आपल्या नौदलाची आयएनएस सिंधुवीर ही पाणबुडी त्यांना दिली. आख्खी पाणबुडी. पुढे चारच महिन्यांत, १ फेब्रुवारी २०२१ ला, तिथल्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, माणसं मारली, गावांवर बॉम्ब टाकले, हजारो लोक जीव मुठीत धरून आपल्याच मिझोराममध्ये आले आणि मिझो लोकांनी त्यांना घरात घेतलं. मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारमधल्या मानवी हक्कांसाठीचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे स्वतंत्र तपासनीस, टॉम अँड्रयूज यांचा अहवाल आला, त्यात म्हटलंय की सत्तापालटानंतर भारतातल्या कंपन्यांकडून, त्यात सरकारी कंपन्याही आल्या, साधारण ५.१ कोटी डॉलर्सचं लष्करी सामान तिकडे गेलं. रशिया आणि चीनचे आकडे कितीतरी मोठे आहेत, मान्य. पण रशिया-चीनपेक्षा कमी दिलं हे समाधान मानायचं का आपण? कदाचित सरकारकडे याचं चांगलं उत्तर असेल, ईशान्येतल्या बंडखोरांमुळे तिथल्या लष्कराशी संबंध ठेवावे लागतात, नाहीतर चीन सगळी जागा घेईल, हे मुद्दे मलाही समजतात. मग ते उत्तर सभागृहात द्या ना. एका बाजूला निर्वासितांना आपलं राज्य जेवण घालतंय आणि दुसऱ्या बाजूला सामान जातंय, यावर देशाच्या संसदेत एक दिवस चर्चा करण्याइतका तरी हा विषय आहे की नाही?

बरं, आपण पूर्वी थांबवलंही आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये नेपाळच्या राजा ज्ञानेंद्रांनी सगळी सत्ता हातात घेतली तेव्हा भारताने तिथल्या सैन्याला जाणारी मदत रोखली होती. मग तेच म्यानमारला का नाही? त्याचं कारण काहीही असू शकतं, पण निकष कुठे लिहिलेलाच नसल्यामुळे दोन्ही निर्णय बरोबरच म्हणावे लागतात. त्या त्या वेळच्या साहेबांना जे वाटलं ते.

अफगाणिस्तान घ्या. २०१५-१६ मध्ये आपण तिथल्या सरकारला लढाऊ हेलिकॉप्टरं दिली, नंतर आणखी दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने कुंदुझ घेतलं तेव्हा भारताने दिलेल्या एका हेलिकॉप्टरपाशी तालिबानी उभे आहेत असे व्हिडिओ आख्ख्या जगाने बघितले. ते उडण्याच्या स्थितीत नव्हतं म्हणतात, नशीब. दिलेली वस्तू पुढे कुणाच्या हातात पडली हे बघण्याची आपली काय व्यवस्था आहे, हे त्यानंतर तरी तुमच्यापैकी कुणी लावून धरायला हवं होतं.

मालदीवमध्ये आपण हेलिकॉप्टरं दिली, डॉर्नियर विमान दिलं, ते चालवायला आपली माणसं ठेवली, फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षणासाठी ५ कोटी डॉलर्सचं कर्जही देऊ केलं. यातून बरीच आजारी माणसं हॉस्पिटलला पोचली, हे तिथले लोकही मानतात. पण तिथे 'इंडिया आउट' सुरू झालं, सरकार बदललं, आणि १० मे २०२४ पर्यंत आपल्या सैनिकांना परत यावं लागलं. तिथल्या लोकांचा एक मोठा आक्षेप काय होता, तर करारात नेमकं काय आहे हे आम्हाला सांगितलं नाही. श्रीलंकेबरोबर ५ एप्रिल २०२५ ला संरक्षणाचा करार झाला, तिथेही विरोधकांनी तोच सवाल केला की मजकूर दाखवा. म्हणजे ज्यांना आपण मदत करतो त्या छोट्या छोट्या देशांतले लोक विचारतात, आणि देणाऱ्या देशातले लोक, म्हणजे आपण, गप्प. श्रीलंकेत १९८७ ते ९० आपल्या शांतिसेनेचे हजाराहून जास्त जवान गेले. ज्या एलटीटीईशी, म्हणजे तमिळ वाघांच्या संघटनेशी, लढताना गेले तिच्या पोरांना आधी ट्रेनिंग कुणी दिलं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजारच्या भांडणात हत्यार पुरवण्याचा अनुभव आपल्याला नाही असं कुणी म्हणू नये.

आणि बातमी आपल्याला कळते तरी कशी? मे २०२४ मध्ये चेन्नईहून इस्रायलला स्फोटकं घेऊन निघालेल्या जहाजाला स्पेनने त्यांच्या बंदरात थांबू दिलं नाही, तेव्हा स्पेनच्या मंत्र्यामुळे समजलं की असं जहाज निघालंय. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने छापलं की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या गिऱ्हाइकांनी परस्पर युक्रेनला दिले आणि त्यावरून रशियाने आपल्याकडे तक्रार केली. आपल्या परराष्ट्र खात्याने ती बातमी दिशाभूल करणारी म्हणून झटकली. खरं काय? रॉयटर्स चुकीचं असेल तर कागद दाखवून सिद्ध करणं सोपं होतं, अंतिम वापराचं प्रमाणपत्र, म्हणजे माल शेवटी कोण वापरणार याची गिऱ्हाइकाची लेखी हमी, घेतलेलं असतंच. पण ते कागद बघण्याचा अधिकार भारताच्या एकाही खासदाराला नाही, म्हणून आपण स्पॅनिश मंत्री आणि परदेशी पत्रकार यांच्या भरवशावर.

कोर्टात जायचं म्हटलं तर तेही झालं. इस्रायलला जाणाऱ्या शस्त्रांचे परवाने रद्द करा अशी याचिका काही मंडळींनी केली, ९ सप्टेंबर २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती फेटाळली, परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, आम्ही त्यात शिरणार नाही म्हणून. त्या याचिकेशी तुम्ही सहमत असा नसा, मला स्वतःला इस्रायलबद्दल पूर्ण एक मत नाहीये, कारगिलच्या वेळी त्यांनी आपल्याला मदत केली हेही खरं आहे. पण रस्ता बघा कुठे येऊन थांबतो. सरकार म्हणतं गुपित आहे, कोर्ट म्हणतं आमचं काम नाही, राहिलं कोण? तुम्ही ६७ जण आणि तुमचे बाकीचे सहकारी.

आता अमेरिकेचं सांगतो, आणि 'उठसूट अमेरिका' म्हणून नाक मुरडू नका, कारण हे आपल्याशीच संबंधित आहे. तिथे १९७६ चा शस्त्र निर्यात नियंत्रण कायदा आहे. ठरावीक रकमेपेक्षा मोठा सौदा असेल तर सरकारने काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, आपली काँग्रेस नव्हे, आधी कळवायचं. नाटोवाल्यांसाठी १५ दिवस, आपल्यासारख्यांसाठी ३० दिवस. आपण जे ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेतोय त्याची अशी नोटीस १ फेब्रुवारी २०२४ ला निघाली, ३.९९ अब्ज डॉलर्स, सोबत १७० हेलफायर मिसाइलं, बाकीची यादी, सगळं वेबसाइटवर. भारतीय लष्कर काय घेतंय हे खडकीतल्या माणसाला समजलं ते अमेरिकन कायद्यामुळे! बेन कार्डिन नावाचे तिथले सिनेटर अडून बसले होते, पन्नू प्रकरणाची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या खलिस्तानवाद्याच्या हत्येच्या कथित कटाची, नीट चौकशी होईल असं आश्वासन मिळाल्यावर मगच त्यांनी हिरवा कंदील दिला. आपल्याला राग आला असेल, मलाही आला होता, पण एक निवडून आलेला माणूस एवढं करू शकतो हे बघून हेवाही वाटला. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, तो भारताला होणाऱ्या विक्रीबद्दल त्याच्या सिनेटरला ईमेल करू शकतो. मी भारताकडून होणाऱ्या विक्रीबद्दल तुम्हाला काय ईमेल करू, काही माहिती असेल तर ना.

त्यांच्या कायद्याचं आपण भरपूर कौतुकही केलेलं आहे. १९८५ ची प्रेसलर दुरुस्ती आठवा. पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी लिहून द्यायचं, तरच मदत. १९९० मध्ये थोरल्या बुशना ते लिहून देता आलं नाही आणि पाकिस्तानने पैसे भरलेली एफ-१६ विमानं अमेरिकेच्या वाळवंटात उभी राहिली. तेव्हा आपल्याकडे कुणी म्हणालं नाही की शस्त्रविक्रीत संसदेने नाक खुपसू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिस्तानच्या एफ-१६ साठी ४५ कोटी डॉलर्सचं पॅकेज आलं तेव्हा जयशंकर साहेबांनी तिथे जाऊन सुनावलं, टाळ्या आपण वाजवल्या. ते पॅकेज जाहीर झालं होतं म्हणून सुनावता आलं ना?

कायदा म्हणजे जादू नाही, हेही मान्य. प्रेसलर असतानाही १९८९ पर्यंत तिथले राष्ट्राध्यक्ष डोळ्यांवर कातडं ओढून सह्या करतच होते. २०१९ मध्ये ट्रम्पनी आणीबाणीचं कारण देऊन सौदी आणि अमिरातीचे ८ अब्ज डॉलर्सचे सौदे काँग्रेसला वळसा घालून पुढे रेटले, काँग्रेसने विरोधात ठराव केले, त्यांनी व्हेटो वापरला. पण वळसा घातला हे जगाला दिसलं, कारण घालायला आधी रस्ता तर होता.

बरं, अमेरिका नको तर दक्षिण आफ्रिका घ्या, ते काही श्रीमंत गोऱ्यांचं उदाहरण नाही. २००२ मध्ये त्यांनी पारंपरिक शस्त्रांच्या नियंत्रणाचा कायदा केला, मंत्र्यांची समिती, निकष लिहिलेले, संसदेला नियमित अहवाल. पाळतात का नेहमी? नाही, तिथेही बोंबाबोंब होते, पण कशावर बोट ठेवायचं ते तिथल्या लोकांना माहीत आहे. स्वीडनमध्ये सर्व पक्षांच्या खासदारांची एक परिषद बंद दाराआड बसते आणि अवघड सौद्यांबद्दल सरकार तिला आधी विचारतं. गुपित बाहेर फुटत नाही आणि निर्णय एकट्याचा राहत नाही. आपल्याकडे संरक्षणाची स्थायी समिती आहे, ३१ खासदारांची, तिच्यात हे सहज होऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांत २ एप्रिल २०१३ ला शस्त्र व्यापार कराराला १५४ देशांनी मत दिलं, आपण तटस्थ राहिलो. आयात करणाऱ्यांवर अन्याय होतो, दहशतवाद्यांबद्दल करार कच्चा आहे, अशी आपली कारणं होती, त्यात तथ्यही होतं. मग तो करार नको, आपला स्वतःचा तर करा.

आता एक गोष्ट पुण्यातलीच. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, पाकिस्तानने सोडलेली ड्रोन्स तुर्की बनावटीची निघाली, तेव्हा मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घेणं बंद केलं. नुकसान सोसून. लोकांनी ट्रिपा कॅन्सल केल्या. तुर्कीने म्हटलं असतं की आम्ही फक्त विकलं, चालवलं पाकिस्तानने, तर कुणी ऐकून घेतलं असतं का? मी तरी नाही. म्हणजे विकणारा जबाबदार असतो हे पुणेकराला समजतं, फळवाल्यापासून सगळ्यांना. मग उद्या म्यानमारच्या एखाद्या गावातल्या माणसाने आपल्या सामानाबद्दल हेच विचारलं तर आपण त्याला काय सांगणार, स्ट्रॅटेजिक कारण?

मला माहितीये तुमच्यातले काही जण म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर ऑर्डरी चीन आणि तुर्की नेतील, आपल्या पोरांचं काम जाईल. माझ्या घरचं जेवण याच धंद्यावर चाललंय त्यामुळे हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण उलटं बघा. निकष लिहिलेले नसतील तर कंपनीला कुठला देश चालेल कुठला नाही हे शेवटपर्यंत नक्की समजत नाही, अर्ध्या ऑर्डरीत राजकारण फिरलं की माल गोदामात. नियम आधी माहीत असले की धंदा करणाऱ्यालाही बरं. आणि आपली बाजारात खरी ताकद काय आहे, तर आपण चीन नाही ही. व्हिएतनाम आपल्याकडे का येतो? जुलै २०२३ मध्ये आपण त्यांना आयएनएस किर्पाण भेट दिली, त्याआधी १० कोटी डॉलर्सच्या कर्जातून १२ गस्ती नौका दिल्या, ते विश्वासावर घेतात. तो विश्वास कागदावर असलेला बरा. फक्त एक विचारतो, नौदलातली चालती युद्धनौका भेट द्यायची तर संसदेला विचारायला नको? आपली आयएनएस जलाश्व आहे ना, २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेली, तेवढी नौका दुसऱ्या देशाला द्यायला तिथे कायद्याने काँग्रेसची परवानगी लागते. किर्पाण चांगल्या कामाला गेली असं माझंही मत आहे. चांगल्या कामाला तर परवानगी लगेच मिळाली असती.

आणखी एक, जे दिल्लीत कुणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, आठ कामगार गेले. तो निर्यातीच्या ऑर्डरीमुळे झाला असं मी अजिबात म्हणत नाही. पण ६८६ वरून २३,६२२ वर आणि तिथून ५०,००० वर जायचं तर ते वाढीव काम स्फोटकांच्या शेडमध्ये माणसंच करणार आहेत, त्यात कंत्राटी पोरं किती, जुनी मशिनरी किती, हे टार्गेट ठरवताना कुणी मोजलं का? कामगारांच्या संपावर बंदी आणायची होती तेव्हा मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा गोंधळातच काही दिवसांत दोन्ही सभागृहांतून पास झाला. म्हणजे संरक्षण उत्पादनावर झटपट कायदा करता येतो. तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी हात वर केला, किती जण वेलमध्ये होते, ते ज्याचं त्याला माहीत.

तर मागण्या. फार नाहीत, आणि एकही अशी नाही की जी दुसरीकडे कुठे तरी होत नाही.

शस्त्र निर्यात आणि लष्करी मदत यांचा एक स्वतंत्र कायदा करा, विक्री, कर्ज आणि भेट तिन्ही त्यात घ्या. देताना कशाकडे बघायचं ते त्यात लिहा: घेणारा ते स्वतःच्या लोकांवर चालवेल का, निवडून आलेलं सरकार उलथलं तर काय, माल परस्पर तिसऱ्याकडे जाईल का, आपल्या सैनिकांवरच उलटेल का. सरकारला अपवाद करायचा असेल तर करू द्या, पण कारण लेखी द्यावं लागेल असं करा.

परवाना देणारा विभाग आणि टार्गेट गाठणारा विभाग वेगळे करा. यासाठी तर नवा कायदाही लागणार नाही.

मोठा सौदा, आणि कुठलीही युद्धनौका, पाणबुडी किंवा लढाऊ विमान भेट देणं, हे ३० दिवस आधी संरक्षण आणि परराष्ट्र या दोन्ही स्थायी समित्यांच्या निवडक खासदारांसमोर ठेवा. बंद दाराआड चालेल, शपथ घालून चालेल. 'मोठा' म्हणजे किती कोटी ते तुम्ही ठरवा, त्यावर मी वाद घालत बसणार नाही.

वर्षातून एकदा अहवाल सभागृहाच्या टेबलावर: कुठल्या देशाला, कुठल्या प्रकारचा माल, किती रुपयांचा, किती परवाने नाकारले. तोफगोळ्याचं डिझाइन कुणी मागत नाहीये. एखादं नाव खरंच लपवायचं असेल तर ते समितीला सांगा आणि दोन-तीन वर्षांनी जाहीर करा.

माल पोचल्यावर तो तिथेच आहे का हे आपल्या दूतावासांनी तपासावं आणि गडबड आढळली तर पुढचा पुरवठा थांबवण्याची तरतूद हवी, त्यात कारखान्याचं नुकसान झालं तर सरकारने भरून द्यावं. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, नाहीतर थांबवण्याची शिक्षा खडकी आणि भंडाऱ्याला होईल.

आणि दारूगोळा कारखान्यांतल्या स्फोटांचे चौकशी अहवाल संसदेत ठेवा. मोठी परदेशी ऑर्डर घेण्याआधी त्या कारखान्याची सुरक्षा तपासणी झालीच पाहिजे, आणि ती बाहेरच्या माणसाने करावी, कंपनीच्याच सेफ्टी ऑफिसरने नाही.

सरकारी विधेयक आणणं तुमच्या हातात नाही, विरोधी बाकावर तर नाहीच, हे मला ठाऊक आहे. खासगी विधेयकं शुक्रवारी येतात आणि तिथेच राहतात, शेवटचं पास झालं १९७० मध्ये. तरी मांडा. मांडलं की ते छापलं जातं, मंत्र्याला उभं राहून काहीतरी बोलावं लागतं, पेपरात चार ओळी येतात. सत्ताधारी खासदारांना तर हे जास्त सोपं आहे, तुमचे मंत्री तुमचा फोन घेतात. आणि तेवढंही जमत नसेल तर पुढच्या अधिवेशनात प्रत्येकी एक लेखी प्रश्न टाका, 'नावं सांगता येत नाहीत' हे कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली म्हणताय, एवढाच. ६७ खासदार, ६७ प्रश्न. उत्तर काय येतं ते बघू, आणि आलं की तुमच्या पेजवर टाका, उद्घाटनाचे फोटो टाकता तिथेच.

पुण्याच्या खासदारांच्या ऑफिसात या पत्राची एक प्रत मी स्वतः नेऊन देतोय, पोच घेऊन. बाकीच्यांना ईमेलने पाठवलीय. जे उत्तर देतील त्यांचं उत्तर, पटो न पटो, जसंच्या तसं छापीन, आणि जे देणार नाहीत त्यांची नुसती नावं.

कळावे,
एक खडकीकर मतदार